फुटक्या कुंड्यांचं परसात काय करावं?

वडगाव, बेळगाव: माकडांनी गच्चीवरच्या मातीच्या कुंड्या पाडल्या. खापरांचा ढीग झालाय, प्लास्टिकचा टबही तडकलाय. आई म्हणते, फेकून दे. परसात वांगी-मिरची आहे, तिथं काही जमतंय काय ओ?

खानापूर: फेकू नका की! काठच फुटलाय अशी कुंडी दोन रोपांच्या मधी काठापर्यंत पुरा. तळाचं भोक सिमेंटनं बुजवा, पाणी भरा, वर ताटली झाका, नाहीतर डासांची सोय. रंग न दिलेल्या मातीतून पाणी हळूहळू पाझरतं, मुळं तिकडंच वळतात. एप्रिलच्या उन्हात मिरची यावरच तगते. ऑइलपेंट मारलेली असेल तर उपयोग नाही. (कुंड्यांना रंग कशाला देतात कुणास ठाऊक.)

निपाणी: खापरं दुसऱ्या कुंडीच्या तळाशी मात्र भरू नका. निचरा वाढत नाही, उलट चिंब मातीचा थर मुळांजवळ येतो. वाफ्याच्या कडेला उभी रोवा, पावसात माती वाहून जात नाही. टबाचं बूड कापून पुदिन्याभोवती गाडा, तो पसरायचा थांबतो. बोटानं चुरा होत असेल तर प्लास्टिक मातीत नकोच.

वडगाव: बघतो. पुरण्याजोगी एक आईनं आधीच राखेला पळवलीय.