आइल ऑफ मल, ७०-३०० लेन्स आणि सासूबाईंचे गुडघे: मदत हवी आहे

मंडळी, जूनच्या मध्यात स्कॉटलंडमधल्या ओबान बंदरातून फेरीने आइल ऑफ मल या बेटावर जातोय. मी, नवरा आणि पुण्याहून आलेल्या सासूबाई. गाडी सोबत आहे, मुक्काम सालेन गावाजवळ.

कॅमेरा क्रॉप (लहान) सेन्सरचा, लेन्स ७०-३०० मिमी झूम. पफिन (रंगीत चोचीचा समुद्रपक्षी), पाणमांजर, समुद्रगरुड, तिन्ही हवेत (हावरटपणा आहे, कबूल). लांबचं टिपणारी १५०-६०० लेन्स भाड्याने घेऊ का? भाडं ऐकून नवरा गप्प झालाय.

दुसरं, जवळच्या स्टाफा आणि लुंगा या छोट्या बेटांच्या बोटीवर सासूबाईंना न्यावं का? गुडघे दुखतात, पण हौस दांडगी.

तिसरं, लॉख ना कील या मलवरच्या खाडीच्या काठाने पाणमांजर दिसतं असं जो तो सांगतो. थांबायचं कुठे आणि कधी, ते कोणी सांगत नाही.

खाडीवाला:
भाड्याचे पैसे वाचवा. लुंगावर पफिन बिळाच्या तोंडाशी उभे असतात, तुमच्यापासून दोन-तीन मीटरवर. माणसं आसपास असली की गल आणि स्कुआ हे त्यांना त्रास देणारे समुद्रपक्षी लांब राहतात, त्यामुळे ते उलट निर्धास्त. पोटावर आडवं व्हा, डोळ्यांच्या पातळीवरून घ्या. उन्हात फोटोत पांढरी छाती जळते (नुसता पांढरा डाग उरतो), एक्स्पोजर २/३ स्टॉप खाली ठेवा. कड्याच्या गवतावर पाय नको, आतून सगळं पोखरलेलं असतं. ऑगस्टच्या सुरुवातीपर्यंत पक्षी समुद्रात निघून जातात, जून उत्तम.

सासूबाईंना मात्र लुंगावर उतरवू नका. धक्का नाही, ओल्या, निसरड्या दगडांवरून जायचं, मग चढ. स्टाफाला धक्का आहे, पण वर जायचा जिना खडा, आणि तिथल्या फिंगलच्या गुहेकडे बसॉल्टच्या (काळ्या ज्वालामुखी खडकाच्या) खांबांच्या डोक्यांवरून कठडा धरून जावं लागतं. अंधेरीची गिल्बर्ट हिल पाहिली असेल तर खांब ओळखीचे वाटतील. समुद्र खवळला की उतरवतच नाहीत.

सुमतीताई:
पाणमांजरासाठी सासूबाईच तुमच्या कामाच्या! गाडीत बसलेल्या माणसांना ते फारसं बिचकत नाही, दार उघडलं की गेलं. ओहोटीला शेवाळ उघडं पडलं की लॉखच्या काठाला गाडी लावा, पण पासिंग प्लेसमध्ये (अरुंद रस्त्यावर समोरच्या गाडीला वाट द्यायच्या जागेत) नाही. गावकरी चिडतात, आणि बरोबरच चिडतात. ओढा समुद्राला मिळतो ती जागा बघा, कारण अंगावरचं मीठ धुवायला त्याला गोडं पाणी लागतं.

पाण्यावर आधी नुसती रेघ सरकते, मग चपटं डोकं, मग बुडी मारताना शेपटीचं टोक वर येतं. शेपटी नाही दिसली तर बहुधा सील. खाली उतरायचंच तर वारा तोंडावर घ्या. ते बुडालं की पुढे सरका, वर यायच्या आत खडकाला चिकटा. बुडी वीस-तीस सेकंदांचीच असते.

गरुडासाठी बोट घ्या, पंख जवळजवळ अडीच मीटर, ३०० पुरते. ब्रिटनमधून ते नामशेष झाले होते. १९७५पासून नॉर्वेहून पिल्लं आणून रम बेटावर सोडली. घरट्यापाशी त्यांना त्रास देणं गुन्हा आहे, काठावरून शोधत फिरू नका.

धागाकर्ती:
आभारी आहे! लेन्स रद्द. सासूबाईंनी दुर्बीण आणि थर्मास आत्ताच ताब्यात घेतलाय. एकच राहिलं, मिजेसचं (चावणाऱ्या बारीक माश्यांचं) काय करता?

खाडीवाला:
डोक्यावरून घ्यायची जाळी, ओबानमध्येच घ्या. वारा असला की फिरकत नाहीत. वारा पडला की लेन्स बदलायच्या फंदात पडू नका.