समुपदेशक कसा निवडलात? खान्देशातले अनुभव लिहा

मागच्या महिन्यात अमळनेरच्या मामेबहिणीचा रात्री अकराला फोन आला. "ताई, जाऊ कोणाकडे? इथे तर सगळेच ओळखीचे." मला धड उत्तर देता आलं नाही, म्हणून हा धागा. डॉक्टरांची नावं नकोत, कशावरून ठरवलंत ते सांगा.

आधी माझं सांगते. जळगावात मी पहिल्यांदा गेले ती मानसोपचारतज्ज्ञांकडे. दहा मिनिटांत गोळ्यांची चिठ्ठी हातात. गोळ्यांनी झोप लागली हे खरं, पण मला बोलायचं होतं. औषध मानसोपचारतज्ज्ञ देतात, ते डॉक्टर असतात. चिकित्सा मानसशास्त्रज्ञ बोलून उपचार करतात, औषध देत नाहीत, आणि त्यांची नोंदणी भारतीय पुनर्वास परिषदेकडे असते. 'समुपदेशक' ही पाटी मात्र कोणीही लावतं. हे मला दीड वर्षानं कळलं. आता पहिल्या फोनलाच शिक्षण आणि नोंदणी विचारते. चांगल्या माणसाला त्याचा राग येत नाही.

शिरपूरहून
माझी आई फक्त अहिराणी बोलते. बाबा गेल्यावर तिचं जेवण तुटलं. पहिल्या मॅडम हुशार होत्या, पण बोलणं पुस्तकी. "तुम्हाला नेमकं काय जाणवतं?" आई मान खाली घालून "बरं शे" एवढंच म्हणायची. तीन भेटी अशाच गेल्या. मग धुळ्याच्या एका ताईंकडे नेलं. त्यांनी खुर्ची जवळ ओढली आणि विचारलं, "माय, घास उतरस का?" आई पदराचं टोक बोटाला गुंडाळत बसली होती, ते तिनं सोडलं. म्हणाली, "दोन जणस्ना सयपाक व्हई जास वं, हात थांबसच नही." नऊ महिन्यांत मी तिच्या तोंडून बाबांबद्दल ऐकलेलं ते पहिलं वाक्य. पदवी बघाच, पण आपल्या माणसाची बोली कळते का हेही बघा.

यावलहून
वादळात केळीची बाग आडवी झाली. बँकेचा हप्ता तोंडावर होता, डोक्यात नको ते यायला लागलं. शेतातूनच १४४१६ लावला. टेली-मानस, सरकारी, फुकट, रात्रीही चालू. मराठीत बोलले. त्यांनीच पुढे जिल्हा रुग्णालयात जायला सांगितलं. निवडत बसण्याइतकी ताकद नसेल तर आधी हा नंबर लावा भाऊ, बाकीचं नंतर.

नंदुरबारहून
माझी गोष्ट दुसऱ्या भेटीनंतर आत्याच्या कानावर! गुप्तता हा २०१७ च्या मानसिक आरोग्य कायद्यानं दिलेला हक्क आहे, हे तेव्हा माहीत नव्हतं. नुसती रडले आणि जाणं बंद केलं. आता नाशिकच्या बाईंशी व्हिडिओवर बोलते. घरात एकांत नाही, म्हणून उन्हाळाभर वाळत घातलेले ज्वारीचे बिबडे राखायच्या निमित्तानं गच्चीवर बसायचे. गावाबाहेरचं माणूस निवडलं याचं मला फार बरं वाटतं.

भुसावळहून
समुपदेशक बदलायचा तर तोंडावर सांगायचं कसं, हीच भीती होती. सर वाईट नव्हते. चौथ्या भेटीला मीच धीर करून म्हणाले, "सर, मला तुमच्यासमोर रडता येत नाही." ते क्षणभर थांबले. "मग बाई चालतील का?" म्हणाले, आणि टेबलावरच्या कागदावर नंबर लिहून दिला.