मदत हवी आहे: गोल्डने रिंग होतेय पण मास ४६ ने जास्त येतंय

केमवाली: तीन आठवडे अडकलेय, शुक्रवारी ग्रुप मीटिंग आहे. १,६-एनाइन (एकाच रेणूत अल्कीनचा दुहेरी आणि अल्काइनचा तिहेरी बंध) आहे, डायमिथाइल मॅलोनेटवर एकीकडे प्रोपार्जिल (तिहेरी बंधवाला), दुसरीकडे प्रेनिल (दुहेरी बंधवाला). कॅटॅलिस्ट म्हणून २ मोल टक्के ट्रायफेनिलफॉस्फिन गोल्ड क्लोराइड आणि तेवढंच सिल्व्हर हेक्साफ्लोरोअँटिमोनेट, रूम टेंपरेचर. सांगाडा बदलून डाइन (दोन दुहेरी बंधांचं) यायला हवं, म्हणजे आयसोमरच (अणू तेच, वजन तेवढंच), सोडियम धरून २६१. टीएलसी प्लेटवर (रिअॅक्शन कुठवर आली ते बघायची) अर्ध्या तासात एनाइन संपतं पण मासला (रेणूचं वजन मोजायचं यंत्र) दर वेळी ३०७! का?? लवकर सांगा प्लीज

बेंचवरचा: सॉल्व्हंट कोणतं? स्केल किती?

ग्रब्जप्रेमी: सोन्याचांदीच्या मागे कशाला लागायचं, ग्रब्ज सेकंड जनरेशन (रुथेनियमचा कॅटॅलिस्ट) टाक, एनाइन मेटाथेसिसनेही (बंधांची अदलाबदल करणारी रिअॅक्शन) पाचाची रिंग आणि डाइन मिळतं. मेटाथेसिसला २००५ चं नोबेल आहे. मी एमएस्सीला सात सबस्ट्रेट केले होते, सगळे झाले.

केमवाली: दादा मला गोल्डचंच करायचंय, रुथेनियम लॅबमधल्या दुसऱ्याकडे आहे. सॉल्व्हंट नेहमीचंच. ०.५ मिलिमोल.

जुना_साका: मला चांदीचा संशय आहे, ते मीठ हवेतलं पाणी फार ओढतं. गोल्ड न टाकता नुसत्या सिल्व्हरवर एक रिअॅक्शन लाव आधी.

बेंचवरचा: कंट्रोल लावायलाच हवा, पण साकासाहेब, पाणी शिरलं असतं तर १८ वाढले असते, ४६ नाही. इथे सिल्व्हरचं काम गोल्डवरचं क्लोराइड काढून घ्यायचं, तो पांढरा गढूळपणा दिसतो तो सिल्व्हर क्लोराइड. ४६ म्हणजे इथेनॉल. ताई, "नेहमीचं" म्हणजे कोणतं ते सांगा ना.

जुना_साका: तरी चांदी अंधारात ठेवावी, फॉइल गुंडाळून.

केमवाली: डीसीएम (डायक्लोरोमिथेन) संपलं होतं म्हणून क्लोरोफॉर्म, १० मिली. इथेनॉल मी कुठेच वापरलेलं नाही, वर्कअपलाही (रिअॅक्शननंतर धुऊन काढताना) नाही.

बेंचवरचा: बाटलीचं लेबल वाचा. क्लोरोफॉर्म टिकावं म्हणून त्यात बहुतेकदा ०.५ ते १ टक्का इथेनॉल घातलेलं असतं. १ टक्का धरला तर १० मिलीत ०.१ मिली, म्हणजे साधारण १.७ मिलिमोल, तुमच्या एनाइनच्या तिप्पट! गोल्ड अल्काइनला धरतं, अल्कीन त्यावर चाल करतं आणि सायक्लोप्रोपिल गोल्ड कार्बीन (मधला टप्पा) होतं, त्यात प्रेनिलच्या दोन मिथाइलवाल्या कार्बनवर धन भार येतो. कोणी मधे आलं नाही तर सांगाडा सरकून डाइन होतं, अल्कोहोल असलं की ते तिथेच बसतं. स्पेनमधल्या एचावारेन यांच्या ग्रुपने २००४ मध्ये हेच मेथनॉल मुद्दाम घालून दाखवलंय. तुमची रिंग झालीये, फक्त इथर होऊन थांबली. एनएमआरला (रेणूतल्या हायड्रोजनचा स्पेक्ट्रम) ३.३ च्या आसपास क्वार्टेट (चार टोकांचा सिग्नल) बघा.

केमवाली: आहे!! आणि १.१ ला ट्रिप्लेट (तीन टोकांचा) पण, मी तो इथाइल अॅसिटेटचा म्हणून सोडून दिला होता

बेंचवरचा: इथाइल अॅसिटेटचा १.२६ ला येतो, आणि त्याचा क्वार्टेट ४.१ ला. कोरडं डीसीएम घ्या, पण त्याचंही लेबल बघा, टिकावं म्हणून त्यात कधी अॅमिलीन (एक अल्कीन) असतं तर कधी अल्कोहोल.

निवृत्त_मास्तर: क्लोरोफॉर्म सोडियमवर सुकवायला कुणी जाऊ नका, स्फोट होतो. इथेनॉल काढलेलं क्लोरोफॉर्म उजेडात ठेवलं तर फॉस्जीन होतं, लागेल तेवढंच काढा आणि त्याच दिवशी संपवा.

ग्रब्जप्रेमी: मेटाथेसिसला हा इथरचा प्रश्नच आला नसता.

केमवाली: शेजारच्या लॅबमधून अॅमिलीनवालं डीसीएम मिळालं, कॅल्शियम हायड्राइडवर डिस्टिल करायला लावलंय. रात्री रिअॅक्शन लावते, सोबत नुसत्या सिल्व्हरची पण.

नवीन_सभासद: सिल्व्हरचे बोटांवरचे काळे डाग कशाने जातात?