गंजलेले नट-बोल्ट आणि तुमची हत्यारं: अनुभव सांगा

मंडळी, वडिलांची ९८ सालची मारुती ८०० रत्नागिरीला माडाखाली आठ वर्षं उभी होती, आता मनावर घेतलंय. सायलेन्सरचे नट खोलायला गेलो तर बारा कोनी गोटी (सॉकेट) गर्रकन फिरली आणि पहिल्याच नटाचा लाडू झाला, कोपरे झिजून गोल. अजून चार बाकी आहेत. कुठलं हत्यार कामाला आलं, कुठलं घेऊन पस्तावलात, लिहा. नुसतं 'डब्ल्यूडी मार' (गंज सोडवायचा डब्ल्यूडी-४० स्प्रे) नको, अर्धा डबा संपवलाय.

*

बारा कोनी गोटी नटाला कोपऱ्याजवळ धरते म्हणून लाडू होतो रे. सहा कोनी घे, अख्खा सेट कशाला, १०, १२, १४, १७ सुट्या मिळतात मुंबईत नागदेवीच्या हत्यार बाजारात. पण आधी तारेच्या ब्रशने नट घास, पोपडे असले की गोटी खालपर्यंत बसतच नाही. लाडवावर एक नंबर लहान गोटी ठोकून बसवायची, मी १२ च्या नटावर ११ ची ठोकलेली, नट निघाला, मग गोटीतून तो नट काढण्यात अर्धी दुपार गेली ते वेगळं.

*

आमची जुनी जीप इंचातली. १४ चा पाना शिरत नाही, १५ चा लडबडतो, कारण बोल्ट ९/१६ म्हणजे १४.३ मिमीचा, शेवटी पुण्यातल्या जुन्या बाजारात इंची रिंग पाने मिळाले. खरी मजा पुढे. डाव्या चाकाचा नट स्टडवरून (आट्यांच्या दांड्यावरून) हलेना म्हणून मी आणि धाकटा भाऊ पान्याला चार फुटी पाईप लावून त्यावर उभेच राहिलो, कडकड आवाज आला, वाटलं सुटला! शेजारचे काका गेटातून ओरडले, "अरे स्टडवरचा एल बघितलास का? उलटे आटे आहेत, आवळतोयस तू." ग्रीस पुसलं तर खरंच एल. स्टड तोवर गेला होता.

*

यामाहा आरएक्स १०० बाइकच्या साइड कव्हरचे स्क्रू दिसतात प्लस पण आहेत जपानी जेआयएस, म्हणजे खाच जरा वेगळी, साधा ड्रायव्हर जोर लावला की उडी मारतो. एका गॅरेजात त्यांनी सरळ छिन्नी लावली, कव्हरवर अजून खुणा आहेत. तेव्हापासून हातोडीने ठोकायचा इम्पॅक्ट ड्रायव्हर मी स्वतःचा ठेवलाय. ठोकायच्या आधी दिशा बघा हं, मी पहिला दणका आवळायच्या बाजूने दिला होता 😅

*

इकडे मिशिगनला थंडीत रस्त्यावर मीठ टाकतात, दहा वर्षांची गाडी खालून कोकणातल्या पत्र्यासारखी होते, त्यामुळे माझा भरवसा गॅस टॉर्चवर. नट चांगला तापवायचा, ज्योत बाजूला करायची आणि आट्यांना मेणबत्ती टेकवायची, मेण वितळून आत ओढलं जातं, मग पाना मागेपुढे थोडा थोडा. पेट्रोलची नळी, ब्रेक पाईप, रबर जवळ असेल तर टॉर्च विसरा. आणि ब्रेक क्लीनर मारलेल्या जागी तर अजिबात नको, क्लोरीनवाला असेल तर विषारी वायू होतो.

*

ईझी आउट (तुटलेला बोल्ट आतून धरून काढायचं उलट्या आट्यांचं हत्यार) जपून. आत तुटला की संपलं, त्यात साधं ड्रिल चालत नाही.

*

धागाकर्ता परत आलोय. दोन रात्री तेल सोडत राहिलो, मग १२ ची सहा कोनी लावली, तीन नट निघाले, चौथा स्टड घेऊनच आला. लाडू अजून तसाच. मेणबत्ती देवघरात आहे, टॉर्च तेवढा आणायचाय.