खिडक्या पुसायचा धंदा: ज्यांनी केलाय, करायचा होता किंवा करता करता आपटले, त्यांनी लिहा

सकाळी समोरच्या इमारतीवर एक पोरगा काच पुसत होता. वरच्या कोपऱ्यातून सुरुवात, नागमोडी वायपर, हात कुठेही न उचलता थेट खाली, आणि शेवटी कडा फडक्याने टिपली. दात घासता घासता बघत राहिलो. अठरा वर्षांपूर्वीचा मीच तो.

तेव्हा माझं भांडवल म्हणजे बादली, वायपर आणि मेहुण्याची शिडी. नोंदणी, विमा, करार हे सगळं 'जम बसला की बघू'मध्ये. तिसऱ्याच महिन्यात एका नव्या बांधकामाचं काम मिळालं. काचांवर सिमेंटचे, रंगाचे थेंब. ब्लेड घेतलं आणि दिवसभर खरवडलं. संध्याकाळी ऊन तिरपं आलं तेव्हा प्रत्येक काचेवर केसासारख्या शेकडो रेघा! टफन, म्हणजे तापवून मजबूत केलेली काच होती. अशी काच भट्टीत रोलरवरून सरकत तापते तेव्हा रोलरकडच्या बाजूला कधी कधी काचेचीच भुकटी चिकटून बसते, आणि ब्लेड ते कण ओढत नेतं. हे मला नंतर कळलं. मालकाला नंतरही कळून घ्यायचं नव्हतं. २२ काचा बदलून मागितल्या. धंदा माझ्या एकट्याच्या नावावर, त्यामुळे धंद्याचं देणं ते घरचं देणं. बायकोची मुदत ठेव मोडली.

पुढे विमा काढला तेव्हा सगळ्यात बारीक अक्षरातलं आधी वाचलं. ज्या वस्तूवर प्रत्यक्ष काम चालू आहे तिचं नुकसान वगळून! म्हणजे माझ्या हातून बादली पडून खालची गाडी चेपली तर पैसे, पण पुसत असलेल्या काचेवर ओरखडा आला तर शून्य. वेगळा हप्ता भरून ते कलम जोडून घ्यावं लागलं.

तुमचंही येऊ द्या.

वरचा मजला
मुदत ठेव 😬 वहिनी अजून बोलतात का यावर?

धागाकर्ता
बोलत नाहीत. काच दिसली की माझ्याकडे बघतात फक्त.

चौकट
आम्ही कामाआधी एका पानावर सही घेतो. काच बनवताना राहिलेल्या दोषामुळे ओरखडे आले तर जबाबदारी आमची नाही. वकिलाकडून लिहून घेतलंय, कारण असं कलम सगळीकडच्या कायद्यात टिकेलच असं नसतं. आणि ब्लेड लावायच्या आधी फोटो. प्रत्येक काचेचा. कंटाळा येतो, तरी काढायचे.

निळी बादली
चार फुटांना एक फूट!!! शिडी जिथे टेकते ती उंची चार फूट असेल तर पाय भिंतीपासून एक फूट लांब. मी सरळ उभी केली होती जवळजवळ. घोटा दोन ठिकाणी. अडीच महिने घरी. स्वतःचा धंदा, त्यामुळे रजा कोण देणार आणि पगार कोण? लोकांच्या नुकसानीचा विमा होता, माझ्या हाडांचा नव्हता. दोन्ही वेगळे असतात हे प्लास्टरमध्ये पाय असताना समजलं. बाकी रात्री लिहिते, मशीन थांबलंय, कपडे काढायचेत.

टीपकागद
ॲल्युमिनियमची शिडी आणि जवळून गेलेली विजेची तार, एवढंच लिहितो. ज्याला कळायचं त्याला कळेल.

आळशी मांजर
थोडं अवांतर, बाथरूमच्या काचेवरचे पांढरे डाग कशाने जातील? सगळं करून झालं.

चौकट
ताई, ते क्षार. ताजे असतील तर व्हिनेगर लावून दहा मिनिटं थांबा, मग पुसा. खाली संगमरवर असेल तर त्यावर थेंबही पडू देऊ नका, खातं ते दगडाला. फार जुने असतील तर काचच खराब झालेली असते, मग घासून काही उपयोग नाही. आणि कोणी हायड्रोफ्लोरिक आम्ल असलेलं काही देऊ केलं तर हातही लावू नका. काच विरघळवणारं रसायन आहे ते, कातडीतून हाडापर्यंत जातं.

आळशी मांजर
बापरे. डाग असू देत मग.

हिशेबनीस
मी पुसत नाही, पुसणाऱ्यांचे हिशेब बघतो. परवान्याचं विचारतात सगळे. याचं एकच उत्तर नाही. स्कॉटलंडमध्ये १९८२ च्या कायद्यानुसार, जिथल्या पालिकेने तसा ठराव केलाय तिथे खिडक्या पुसणाऱ्याला खास परवाना लागतो. शेजारच्या इंग्लंडमध्ये असा खास परवाना नाही. त्यामुळे मित्राचं ऐकू नका, तुम्ही काम करता तिथल्या पालिकेत जाऊन विचारा. दारोदार फिरून काम मागणार असाल तर त्याचीही परवानगी काही ठिकाणी लागते. साबणाचं पाणी पावसाळी गटारात सोडायला बऱ्याच शहरांत मनाई आहे, हेही विचारून या.

माझ्याकडचे निम्मे लोक मात्र कायद्याने नाही, बँकेने अडकतात. घरचं आणि धंद्याचं खातं एकच. वर्षाअखेरीस मला वायपरच्या रबराची पावती आणि पोराच्या बुटांची पावती एकाच पिशवीत मिळते.

वरचा मजला
हिशेबनीस काका, ती पिशवी माझीच होती ना 🙈

हिशेबनीस
नाव घेतलं नव्हतं मी.

दोरखंड
उंच इमारतींवर दोन दोर, दोन वेगळ्या ठिकाणी बांधलेले. एक कामाचा, एक जिवाचा. त्याचं रीतसर प्रशिक्षण असतं, ते नसताना 'मी करतो' म्हणणाऱ्याला कामावर ठेवू नका. आणि रोजंदारीवर बोलावलेला मुलगा 'आपला कामगार नाही' असं समजणाऱ्यांनी आधी चौकशी करावी. तो पडला तर कायदा बहुधा तुमच्याकडेच बघतो. माझ्या आधीच्या मालकाला हे कळलं तेव्हा उशीर झाला होता. जास्त लिहीत नाही.

निळी बादली
आले परत. आता मी शिडी जवळपास सोडलीच. लांब दांडा, टोकाला ब्रश, आतून शुद्ध पाणी. पाण्यात विरघळलेले क्षार शून्याजवळ असतील तर पुसायची गरजच नाही, तसंच वाळतं. क्षार मोजायच्या मीटरवर दहा पीपीएमच्या (दहा लाखात दहा भाग) वर गेलं की ठिपके. फिल्टरचा खर्च आहे, पण घोट्याहून स्वस्त. पाणी गाडीत भरताना मात्र जपून, लिटरला किलो हे विसरतात लोक आणि गाडी मागून बसते.

टीपकागद
आपण वापरतो तसला एका पट्टीचा वायपर १९३६ साली एत्तोरे स्टेकोने नावाच्या इटलीहून अमेरिकेत गेलेल्या माणसाने पेटंट केला. तोही खिडक्याच पुसायचा. आधीचे वायपर जड, दोन रबरांचे, रबर बदलायला डझनभर स्क्रू. उगाच, माहिती म्हणून.

आळशी मांजर
धागाकर्ते, सकाळच्या मुलाची शिडी खालून कोणी धरली होती का?

धागाकर्ता
नाही. तेच डोक्यात आहे कधीपासून. विचारून आलो, मागची बाजू उद्या करणार आहे. शिडी सरळच लावतो तोही. सकाळी दूध आणायच्या निमित्ताने खाली जाऊन उभा राहीन म्हणतो. बायको म्हणाली, काचेला हात लावू नका फक्त.