आयएल-१ बीटा: लायसेटमध्ये ३१ चा बँड ठणठणीत, सुपरनेटंटमध्ये १७ चा पत्ताच नाही

जेलखालची_बाई:
वेस्टर्न ब्लॉटवर आयएल-१ बीटा (दाह घडवणारं प्रथिन) शोधतेय: पेशीच्या आतलं ३१ किलोडाल्टनचं प्रो-रूप आणि कापून बाहेर पडणारं १७ चं परिपक्व रूप. टीएचपी-१ (मानवी मोनोसाइट) पेशी, त्यांना मॅक्रोफेज बनवायला पीएमए १०० नॅनोग्रॅम/मिली रात्रभर, मग एक दिवस साध्या मीडियात. प्रो-रूप बनावं म्हणून एलपीएस (जिवाणूंच्या आवरणातला रेणू) १ मायक्रोग्रॅम/मिली ४ तास, ते कापलं जावं म्हणून त्यातच निजेरिसिन १० मायक्रोमोलर १ तास. मीडिया आरपीएमआय, १० टक्के एफबीएस (गाईच्या गर्भाचं सीरम). सुपरनेटंटचे (पेशींवरचा द्रव) ३० मायक्रोलिटर थेट लेमली या जेलच्या नमुना-बफरमध्ये उकळून १२ टक्के जेलवर. ०.४५ मायक्रॉनचं पीव्हीडीएफ मेम्ब्रेन, वेट ट्रान्सफर १०० व्होल्टला ९० मिनिटं. प्रायमरी सशाची पॉलिक्लोनल, १:१०००, ४ अंशांवर रात्रभर.
लायसेटमध्ये (फोडलेल्या पेशींच्या अर्कात) ३१ किलोडाल्टनचा बँड स्वच्छ येतो. सुपरनेटंटच्या लेनमध्ये ६५ च्या आसपास फुगवटा, शेजारच्या लेनही वाकड्या, आणि १७ ला काहीच नाही. अँटिबॉडी बदलावी का? नवी आयात व्हायला बरेच आठवडे लागतील.

एपिटोप_आधी:
इतक्यात बदलू नका. आधी डेटाशीटवर इम्युनोजेन (अँटिबॉडी बनवायला वापरलेला प्रथिनाचा तुकडा) काय लिहिलंय ते बघा. मानवी प्रो-आयएल-१ बीटा २६९ अमिनो आम्लांचं. कॅस्पेज-१ हे एन्झाइम ते ११६ व्या अ‍ॅस्पार्टेटनंतर कापतं आणि ११७ ते २६९ हा परिपक्व तुकडा १७ ला धावतो. इम्युनोजेन पहिल्या ११६ मधलं असेल तर त्या अँटिबॉडीला १७ कधीच दिसणार नाही, कितीही लोड करा. उलट फक्त कापलेलं टोक ओळखणाऱ्या अँटिबॉडीही मिळतात. त्यांना ३१ दिसत नाही. तुमची त्यातली नाही हे उघड आहे.
एका लेनमध्ये ५ नॅनोग्रॅम रिकॉम्बिनंट परिपक्व मानवी आयएल-१ बीटा घाला. ते दिसलं तर अँटिबॉडी निर्दोष, दोष नमुन्यात. ते दिसलं नाही तर अँटिबॉडी किंवा ट्रान्सफर. हा कंट्रोल नसताना बाकी सगळी चर्चा अंधारात दगड मारणं आहे.

पेलेट_पांढरा:
तो फुगवटा म्हणजे गाईचं अल्ब्युमिन. १० टक्के एफबीएसच्या ३० मायक्रोलिटरमध्ये सहज १०० मायक्रोग्रॅमच्या वर प्रथिन जातं, त्यातलं बहुतेक अल्ब्युमिनच. लेन त्यानेच वाकतात, आणि पातळ १७ वाला त्या गर्दीत हरवतो.
म्हणून गोळा करायचा सुपरनेटंट सीरमशिवायचा हवा. पण एलपीएसच सीरमशिवाय देऊ नका. एलपीएस पेशींपर्यंत नीट पोचायला सीरममधलं एलबीपी (एलपीएसला धरणारं प्रथिन) लागतं. ते नसेल तर प्रायमिंग (प्रो-रूप बनवण्याची पायरी) ढिलं पडतं. एलपीएसचे ४ तास सीरममध्येच होऊ द्या, मग कोमट पीबीएसने हलक्या हाताने एकदा धुऊन ऑप्टी-मेममध्ये (सीरम न घातलेला मीडिया) निजेरिसिन द्या, ४५ ते ६० मिनिटं. १० लाख पेशींना ५०० मायक्रोलिटर पुरे. जास्त ओतलंत की नमुना फुकट पातळ होतो.
सुपरनेटंट ५०० जी ला ५ मिनिटं फिरवा म्हणजे तरंगत्या पेशी बसतील. मग त्या ५०० मायक्रोलिटरमध्ये ५०० मिथेनॉल आणि १२५ क्लोरोफॉर्म, व्हॉर्टेक्स, १३,००० जी ला ५ मिनिटं. दोन थरांच्या मध्ये पांढरी चकती दिसेल, प्रथिन तिच्यात. वरचा थर काढताना चकतीला टोचू नका. सगळ्यात जास्त माल इथेच वाया जातो. पुन्हा ५०० मिथेनॉल, पुन्हा स्पिन, द्रव ओता, उघड्यावर ५ ते १० मिनिटं सुकवा. अति सुकवलं की पेलेट विरघळता विरघळत नाही. ४० मायक्रोलिटर १एक्स लेमली, ९५ अंशांवर ५ मिनिटं, आणि सगळं एकाच लेनमध्ये.
टीसीएनेही (ट्रायक्लोरोअ‍ॅसेटिक आम्ल) जमतं, पण आम्ल उरलं तर लेमली पिवळं पडतं. तसं झालं तर १ मोलर ट्रिस बेस थेंब-थेंब घालून परत निळं करा.

जेलखालची_बाई:
इम्युनोजेन ११७–२६९ लिहिलंय. म्हणजे १७ दिसायला हवं. मेम्ब्रेन बदलू का?

ट्रान्सफरवाला:
नक्की. १७ साठी ०.२ मायक्रॉन. ०.४५ मधून छोटी प्रथिनं आरपार जातात, त्यात ९० मिनिटं म्हणजे त्यांना वाटच मोकळी करून दिली. ६० मिनिटं ठेवा, बफरमध्ये २० टक्के मिथेनॉल. शंका असेल तर मागे दुसरी मेम्ब्रेन लावा. बँड तिच्यावर सापडला तर उत्तर मिळालं. जेल १५ टक्के घ्या आणि डाय पूर्ण बाहेर जाऊ देऊ नका.
आणि सुपरनेटंटला अ‍ॅक्टिन (पेशीच्या आतलं प्रथिन) लावून लोडिंग दाखवू नका. तिथे अ‍ॅक्टिन दिसलं तर ते मेलेल्या पेशींचं. पॉन्सो (मेम्ब्रेनवरची सगळी प्रथिनं दाखवणारा लाल रंग) रंगवून फोटो काढा.

जेलखालची_बाई:
सरळ एलायझा (अँटिबॉडीने प्रथिनाचं प्रमाण मोजणारी प्लेट-चाचणी) केली तर?

एपिटोप_आधी:
करा, पण सोबत. बऱ्याच किटमधल्या अँटिबॉडी प्रो-रूपही थोडंफार पकडतात, आणि पायरोप्टोसिसमध्ये (दाहातला पेशीमृत्यू) पेशी फुटल्या की ३१ वालाही बाहेर सांडतो. नुसत्या एलायझाच्या आकड्यावरून कॅस्पेज-१ चाललं असं म्हणता येत नाही. त्याच सुपरनेटंटमध्ये एलडीएच (फुटलेल्या पेशींतून गळणारं एन्झाइम) मोजा.
कंट्रोल चार हवेत: काहीच नाही, फक्त एलपीएस, फक्त निजेरिसिन, दोन्ही. पाचवा म्हणून एमसीसी९५० (निजेरिसिनमुळे कॅस्पेज-१ चालू होणं रोखणारं रसायन) १० मायक्रोमोलर, निजेरिसिनच्या ३० मिनिटं आधी. त्यात १७ नाहीसा व्हावा आणि लायसेटमधला ३१ टिकावा. मीडिया बदलताना एमसीसी९५० नव्या मीडियातही घालायला विसरू नका, नाहीतर धुऊन जातं.

पेलेट_पांढरा:
ब्लॉटच्या आधी मायक्रोस्कोपखाली डोकवा. निजेरिसिनने तासाभरात पेशी गोल फुगून फुग्यासारख्या दिसायला हव्यात. दिसत नसतील तर निजेरिसिनचा इथेनॉलमधला स्टॉक जुना झालाय का ते पाहा. मग अँटिबॉडीच्या मागे लागण्यात अर्थ नाही.
आणि पुढे उंदराच्या पेशींवर गेलात तर तिथल्या बऱ्याच अँटिबॉडी बोकडाच्या असतात. त्यांची सेकंडरी (प्रायमरीला चिकटणारी दुसरी अँटिबॉडी) गाईच्या दुधातल्या आयजीजी अँटिबॉडीलाही चिकटते, त्यामुळे दुधाने ब्लॉक केलेली मेम्ब्रेन अख्खी काळी होऊ शकते.

ट्रान्सफरवाला:
प्रायमरीचं द्रावण पुन्हा वापरायला सोडियम अझाइड घालत असाल तर ते सेकंडरीच्या ट्यूबमध्ये जाऊ देऊ नका, एचआरपी (सेकंडरीला जोडलेलं, बँड दाखवणारं एन्झाइम) बंद पडतं. प्रायमरीनंतर टीबीएसटीने १० मिनिटांचे तीन वॉश चुकवू नका.