री: री: गॅरिबाल्डी लेक – गाइड घ्यायचा की नाही?

प्रेषक: बर्नबीकर (सहल समिती)

मंडळी, नमस्कार.

गणपतीचं आवरलं, हिशेब खजिनदारांकडे गेला, आता जरा पाय मोकळे करू. शनिवार, २० सप्टेंबरला गॅरिबाल्डी लेक ठरवतोय. व्हँकुव्हरहून हायवे ९९ ने स्क्वामिश ओलांडून पुढे जायचं. व्हिस्लरच्या अलीकडे उजवीकडे रबल क्रीकचा फाटा आहे, तिथून चाल सुरू. तलावापर्यंत ९ किलोमीटर, म्हणजे जाऊन-येऊन १८, आणि चढ ८०० मीटरच्या वर. तलाव १४८४ मीटरवर आहे. आकड्यांनी ज्यांच्या डोळ्यांपुढे काही येत नाही त्यांच्यासाठी: कळसूबाई १६४६. इथे शिड्या नाहीत, साखळ्या नाहीत. पहिले सहा किलोमीटर दाट जंगलातली नागमोडी वाट आहे, वळणामागून वळण, आणि तेवढा वेळ झाडांशिवाय काही दिसत नाही. हे आधीच सांगतोय, नंतर कुणी "फोटोत तर निळं पाणी होतं" म्हणू नये.

यंदा दोन गाइड घेतोय. दहाच जागा, माणशी ९० डॉलर. नावं गुरुवारपर्यंत कळवा. कुत्र्यांना गॅरिबाल्डी पार्कात मुळीच परवानगी नाही, तेव्हा तो विषय काढू नये.

प्रेषक: सरेकर

बर्नबीकर, मनावर घेऊ नका, पण चालायचे पैसे?

हरिश्चंद्रगड मी नळीच्या वाटेने केलाय. तेव्हा वाटाड्या घेतला होता, कारण तिथे वाट चुकली तर माणूस थेट कोकणात पोचतो. गॅरिबाल्डीची वाट मी दोनदा पाहिली आहे. अहो, हमरस्ता आहे तो! पाट्या आहेत, फाट्यावर नकाशा आहे, पुढेमागे शंभर माणसं आहेत. चुकायचं म्हटलं तरी चुकता येणार नाही. ९० गुणिले १० म्हणजे ९०० डॉलर. तेवढ्यात दिवाळीच्या फराळाचा हॉल होतो.

प्रेषक: रिचमंडकर

विषय वेगळा आहे, माफ करा. गणपतीच्या जेवणाला मी मोठं स्टीलचं पातेलं दिलं होतं, मसालेभाताचं. ते परत आलेलं नाही. कुणाच्या गाडीत राहिलं असेल तर कळवा.

प्रेषक: बर्नबीकर (सहल समिती)

सरेकर, वाट दाखवायला गाइड नकोच आहे. ते मलाही मान्य.

मागच्या वर्षीच्या ट्रेकला तुम्ही नव्हता म्हणून सांगतो. दहा जण निघालो. तासाभरात पुढचे पाच दिसेनासे झाले, मागचे चार फोटो काढत बसले, आणि मी मध्ये एकटा, कुणासाठी थांबायचं या विचारात. मागच्यांतल्या एकीचा पाय मुरगळला. तिला घेऊन खाली आलो, तर गाडीची किल्ली पुढे गेलेल्या पाचांपैकी एकाच्या खिशात. फोनला रेंज नाही. अडीच तास गाडीच्या बॉनेटला टेकून उभे होतो. पाऊस आला तो वेगळाच.

पैसे द्यायचे ते त्या दुसऱ्या गाइडचे. कुणाला मागे फिरायचं असेल तर एक गाइड त्याच्याबरोबर फिरतो, बाकीचे पुढे जातात, आणि कुणाच्याही मनाला ते लागत नाही. आपल्या आपल्यात हे जमत नाही. आपण एक तर सगळे परत फिरतो, नाही तर "होईल हो, थोडंच राहिलंय" म्हणत माणसाला ओढत नेतो. आणि पार्कात पैसे घेऊन माणसं न्यायला परवाना लागतो. तो असलेलेच गाइड घेतलेत, ते मी विचारून घेतलं आहे.

प्रेषक: कोक्विटलामकर

दोन नावं लिहा. ९० डॉलर जास्तच आहेत, पण त्या बॉनेटला टेकलेल्यांत मीही होते.

प्रेषक: साताऱ्याच्या आजी (लेकीच्या आयडीवरून)

सर्वांना नमस्कार. मी लेकीकडे सहा महिन्यांसाठी आले आहे. वय ६८. साताऱ्याला रोज पहाटे अजिंक्यतारा चढून येते, त्यामुळे चढाची भीती नाही. उतरताना मात्र डावा गुडघा बोलतो. लेक म्हणते नको, जावई म्हणतात जा. मी यावं का? आणि हा गॅरिबाल्डी म्हणजे इटलीचा, मॅझिनीबरोबर शाळेत शिकलो तोच का? त्याचं इथे काय काम?

प्रेषक: डेल्टाकर

आजी, तोच. इथे तो कधी आला नाही. १८६० मध्ये ब्रिटिश आरमाराचं मोजणीचं जहाज या किनाऱ्यावर होतं. त्याच्या कप्तानाने, रिचर्ड्सने, समोरच्या पर्वताला त्या वर्षी गाजत असलेल्या वीराचं नाव देऊन टाकलं. स्क्वामिश लोकांचं त्या पर्वताला आधीपासूनचं नाव आहे, न्चकाय.

मी निवृत्त भूगर्भवाला आहे, तेव्हा थोडं लांबवतो. कंटाळा आला तर खाली उतरा, पातेल्याची चौकशी आहेच.

तलाव ज्याने अडवला आहे तो बांध लाव्हाचा आहे. आपल्या सह्याद्रीतही लाव्हाच, पण तो सुमारे ६.६ कोटी वर्षांपूर्वीचा, पातळ बसाल्ट. शेकडो किलोमीटर पसरला, थरावर थर बसले, म्हणून आपल्या डोंगरांना आडव्या पायऱ्या दिसतात. इथला लाव्हा घट्ट, वाहायला आळशी. हिमयुग सरत असताना वरच्या क्लिंकर पीकमधून तो दरीत उतरला, आणि दरीत तेव्हा बर्फ होतं. लाव्हाचं तोंड बर्फाला भिडलं, तिथेच थिजलं आणि त्याची उभी भिंत झाली. पुढे बर्फ वितळून गेलं. आता त्या भिंतीला समोरून टेकूच उरला नाही. तिला 'द बॅरियर' म्हणतात, उंची सुमारे ३०० मीटर. मागे अडलेलं पाणी म्हणजे आपला तलाव.

टेकू नसलेली भिंत ढासळते. १८५५-५६ च्या हिवाळ्यात तिचा मोठा तुकडा सुटला आणि कोट्यवधी घनमीटर दगड खालच्या खोऱ्यात गेला. तुम्ही जिथे गाडी लावणार तो परिसर त्याच धोंड्यांचा आहे, 'रबल' हे नाव उगाच पडलेलं नाही. खाली गॅरिबाल्डी नावाचं गाव होतं. तिथे घरांचे नवे प्लॉट पाडायला १९७३ मध्ये कोर्टाने या भिंतीमुळे नकार उचलून धरला, आणि १९८० मध्ये सरकारने ती जागा राहायला धोक्याची म्हणून जाहीर केली. लोक उठून गेले. आज घाबरायचं कारण नाही, पण भिंतीखाली डबा उघडून बसू नका.

आणि रंग. हिमनदी खालचा खडक जात्यासारखा दळते. ते पीठ इतकं बारीक असतं की पाण्यात तरंगत राहतं, आणि उजेडातला निळा-हिरवा भाग परत फेकतं. तलावाचं पाणी आधी खालच्या लहान तळ्यांत उतरतं, तिथून पुढे वरून मोठी वाट नाही. पाणी लाव्हाच्या भेगांत जिरतं आणि भिंतीच्या पायथ्याशी झरे होऊन फुटतं. तोच रबल क्रीक.

गुडघ्याचं मात्र मला कळत नाही. दोन काठ्या घ्या.

प्रेषक: बर्नबीकर (सहल समिती)

आजी, या. गाइडना गुडघ्याचं आधीच सांगून ठेवलंय.

पासबद्दल: गाडीमागे एक पास लागतो, फुकट आहे, पण दोन दिवस आधी सकाळी सातला ऑनलाइन सुटतो. आपल्या तीन गाड्या, म्हणजे तिघांनी गुरुवारी सातला फोन हातात घेऊन बसायचं. मिळाला की लगेच उतरवून ठेवा, वाहनतळावर रेंजचा भरवसा नाही.

प्रेषक: सरेकर

७ वाजून २ मिनिटं. मिळाला. तत्काळच्या तिकिटाची आठवण झाली.

(हो, येतोय. पैसे भरलेत. मत बदललेलं नाही.)

प्रेषक: कोक्विटलामकर

वृत्तांत लिहायचं माझ्या गळ्यात पडलंय, तर ऐका.

साडेआठला निघालो. पहिल्या वळणालाच मोठ्या गाइडने सगळ्यांना आपल्या मागे घेतलं आणि इतकं हळू चालायला लागला की सरेकरांचा जीव वर-खाली. पंधरा मिनिटांनी त्याने आमच्यातल्या सगळ्यात मागच्याला विचारलं, आज जेवायला काय आणलंय? तो पोळी-भाजी, ठेचा, गूळ-शेंगदाणे अशी यादी धाप न लागता सांगू शकला, तेव्हा गाइड म्हणाला, हाच वेग. दिवसभर चालताना बोलता आलं पाहिजे, दम लागून थांबायचंच नाही. गंमत म्हणजे आमच्या पुढे धावत गेलेली पोरं दर दोन वळणांनी बसलेली भेटत होती आणि आम्ही त्यांना ओलांडत होतो.

जंगलाबद्दल लिहिण्यासारखं फार नाही. झाडं मोठी, वाट मऊ, वळणं मोजायची नाहीत. मी मोजली आणि पस्तावले.

पावणेबाराला सहाव्या किलोमीटरचा फाटा आला. डावीकडे टेलर मेडोज, उजवीकडे तलाव. तिथे धाकटी गाइड आजींशी थोडा वेळ बोलली, आणि त्या दोघी बॅरियर बघून परत फिरायच्या ठरल्या. आम्ही बाकीच्यांपैकी कुणी हूं की चूं केलं नाही. सरेकरांनी केलं, ते स्वतः लिहितीलच.

पुढची वाट जवळजवळ सपाट. आधी दोन लहान तळी लागतात आणि दोन्ही वेळा कुणीतरी "पोचलो!" म्हणून ओरडतं. एकदा मीच ओरडले. मग लाकडी पूल, पाण्याचा आवाज, आणि एकदम समोर ते. रंग कसा होता हे लिहायला तीन वाक्यं खोडली. पैठणीत मोरपंखी असतो ना, त्यात थोडं दूध घातलं तर. पलीकडे हिमनदी थेट पाण्याच्या दिशेने उतरलेली. बोट बुडवलं, दहा मोजेपर्यंत बधिर.

डबे उघडले आणि करड्या रंगाचा एक पक्षी, व्हिस्की जॅक, सरळ माझ्या हातावर येऊन बसला. नखं थंडगार, वजन जवळजवळ नाहीच. थालीपीठाचा कोपरा तोडून तो गेलासुद्धा. गाइड रागावला. पक्ष्यांना खायला घालायचं नसतं, म्हणाला. मी घातलं नव्हतं, त्याने घेतलं. हा फरक इंग्रजीत नीट सांगता आला नाही.

दोनला गाइडने टाळी वाजवली. एकाला ब्लॅक टस्क शिखराच्या वाटेने थोडं वर जायचं होतं. नाही म्हणजे नाही. सव्वापाचला गाड्यांपाशी. माझी मांडी अजून जिना उतरू देत नाही.

प्रेषक: सरेकर

वृत्तांत छान. आता माझं.

गाइडचा वेग मी मान्य केला. तो शिकण्यासारखा आहे, हे लिहून देतो. पण आजींना फाट्यावरून परत पाठवणं मला पटलं नाही. अहो, चढ तिथे जवळजवळ संपतो! उरले तीन सपाट किलोमीटर. रोज अजिंक्यतारा करणारी बाई, एकदाही टेकली नव्हती, आणि तिला तासाभराच्या अलीकडून फिरवायचं? सातासमुद्रापलीकडून आलेल्या माणसाला परत कधी संधी मिळणार? ही जोखीम आजींची नव्हती, गाइड स्वतःची कातडी वाचवत होता. ९० डॉलर घेऊन तलाव न दाखवणं ही कुठली सेवा?

प्रेषक: बर्नबीकर (सहल समिती)

तीन किलोमीटर पुढे म्हणजे तीन मागेही. आणि मग सहा उताराचे. आजींनीच लिहिलं होतं गुडघा उतरताना बोलतो. सहा किलोमीटर उतरायला त्यांना किती वेळ लागला माहीत आहे? तीन तास. बॅरियर बघून त्या चारच्या सुमाराला गाडीशी पोचल्या. तलाव करून आल्या असत्या तर शेवटचा तास अंधारात, काठ्या टेकत. मग बचाव पथकाला बोलवायचं, जे स्वयंसेवक असतात आणि एक पैसा घेत नाहीत. गाइडने नेमकं तेच केलं ज्यासाठी त्याला घेतलं होतं.

प्रेषक: सरेकर

अंधार सातनंतर होतो. हिशेब परत करा.

प्रेषक: साताऱ्याच्या आजी (लेकीच्या आयडीवरून)

तुम्ही दोघे भांडताय आणि मला कुणी विचारतच नाहीये, म्हणून लिहिते.

मला कुणी परत पाठवलं नाही. त्या मुलीने एवढंच विचारलं की, आत्ता इथून खाली उतरायचं म्हटलं तर गुडघा कसा आहे? तलावाचं नाव तिने काढलंच नाही. मी दोन वळणं खाली उतरून बघितलं. गुडघा बोलला. मग मीच म्हटलं, चल परत. सरेकर भाऊ, तुम्ही माझ्यासाठी बोललात ते मनाला बरं वाटलं, पण माझ्या गुडघ्याशी तुमची ओळख नाही.

आधी आम्ही ती भिंत बघितली. डेल्टाकरांनी लिहिलं होतं म्हणून बघावीशी वाटली, नाही तर मी त्याला उघडा बोडका कडा म्हटलं असतं. लालसर, भुसभुशीत, खाली सगळा चुरा. आम्ही बघत होतो तेवढ्यात कुठूनतरी दोन-चार दगड घरंगळल्याचा आवाज आला. ती मुलगी म्हणाली, हे रोजचं आहे. आपले कडे काळे आणि पक्के असतात. हा कडा आजारी माणसासारखा दिसत होता. मी तिला राजगिऱ्याची वडी दिली, तिने दोन खाल्ल्या.

सरेकर भाऊंनी माझ्यासाठी तलावाचं पाणी बाटलीत भरून आणलं. उजेडात धरून बघितलं. रंग नाही! साधं पाणी. लेक म्हणते ओतून टाक. मी खिडकीत ठेवलंय, पीठ खाली बसतं का बघते.

आणि रिचमंडकर ताई, तुमच्या पातेल्याच्या बुडाला १२-५-८९ अशी तारीख कोरलेली आहे का? जावयांच्या गाडीच्या डिकीत स्टेपनीखाली एक सापडलं आहे. त्यात त्यांनी ट्रेकचे ओले बूट ठेवले होते, ते मी काढलेत आणि पातेलं चिंचेने दोनदा घासलंय.